पावसाळ्यासाठी गाडी घरच्या घरी कशी तयार करावी

मृग नक्षत्र साधारण ७ जूनच्या आसपास लागते, आणि कोकणात व घाटमाथ्यावर पावसाची वाट पाहणे तेव्हापासूनच सुरू होते. गाडीची तयारी मात्र मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यातच उरकावी, कारण एक तर पहिल्या सरीनंतर प्रत्येक गॅरेजमध्ये गर्दी होते आणि दुसरे म्हणजे लेप देणे, रबर चिकटवणे, दिव्यांना थर चढवणे ही कामे कोरड्या हवेतच नीट होतात. यांपैकी बहुतेक कामे साधी हत्यारे आणि सुटीची एक सकाळ असलेला कोणताही मालक स्वतः करू शकतो. टायरची हवा मोजण्याचा गेज, साधा मल्टीमीटर (विजेचा दाब मोजणारे छोटे यंत्र), पान्यांचा संच, टॉर्च आणि जुने सुती कापड एवढे सामान पुरते. गाडीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यातून बाहेर काढून शेजारी ठेवावी. पुढे जिथे आकडे दिले आहेत, तिथे तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडा वेगळा असेल तर तोच प्रमाण मानावा.

पाण्याला बाहेर जाण्याची वाट

गाडीच्या दरवाजांत, काचेखालच्या पन्हाळीत आणि सनरूफच्या चौकटीत पाणी शिरणारच, असे गृहीत धरूनच गाडी बनवलेली असते. ते पाणी बाहेर पडावे म्हणून ठिकठिकाणी छिद्रे आणि नळ्या ठेवलेल्या असतात, आणि पावसाळ्यात गालिचा ओला होणे, कुबट वास येणे, दरवाजे खालून गंजणे या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा या तुंबलेल्या वाटांमध्ये सापडते. माझ्या मते पावसाळी तयारीत पहिला मान याच कामाला द्यायला हवा, आणि नेमके हेच काम नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये सर्वांत जास्त दुर्लक्षिले जाते.

बॉनेट उघडून वायपरच्या खाली असलेली प्लास्टिकची जाळी पाहावी. मे महिन्यात गुलमोहराखाली उभ्या राहणाऱ्या गाडीच्या या जाळीत पाकळ्या आणि बारीक पाने मुठीने निघतात. पहिल्या पावसात त्यांचा लगदा होतो, दोन्ही कडांच्या निचऱ्याच्या वाटा बुजतात आणि साचलेले पाणी एसीच्या ब्लोअरमध्ये, म्हणजे हवा फेकणाऱ्या पंख्यात उतरते. आपल्याकडच्या उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाड्यांत ब्लोअर सहसा डाव्या बाजूला, डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो. म्हणून चालकाशेजारी बसणाऱ्याच्या पायाखालचा गालिचा ओला दिसला, तर संशय आधी या जाळीवर घ्यावा. कचरा हाताने काढून तांब्याभर पाणी हळूहळू ओतावे आणि ते पुढच्या चाकांच्या मागून खाली पडते का, ते पाहावे. त्याच वेळी कप्पा उतरवून एसीचा केबिन फिल्टर तपासावा. तो काळा पडला असेल किंवा ओलसर असेल, तर धुण्याच्या भानगडीत न पडता बदलावा.

दरवाजांच्या खालच्या कडेला दोन-तीन लांबट छिद्रे असतात. काचेवरून ओघळणारे पाणी दरवाजाच्या पोकळीतून तिथूनच बाहेर पडते. त्यांतली माती काढण्यासाठी प्लास्टिकच्या केबल टायचे टोक वापरावे, तार किंवा स्क्रूड्रायव्हर नको. कारण आतला रंग खरवडला गेला की गंजाची सुरुवात तिथूनच होते. सनरूफ असेल तर तो उघडून चौकटीच्या कोपऱ्यांतील छिद्रांत थोडे थोडे पाणी सोडावे. पाणी तिथेच थांबले तर नळी तुंबली आहे, असे समजावे. मात्र ती मोकळी करण्यासाठी पंपाची जोरदार हवा मारू नये. त्या दाबाने आतला जोड निसटला, तर पुढे सगळे पाणी छताच्या अस्तरात जाते आणि दुरुस्तीसाठी संपूर्ण अस्तर उतरवावे लागते. डिकीत स्टेपनी उचलून खालची खोबण कोरडी आहे ना, हेही पाहावे. तिथे पाणी दिसले, तर मागच्या दिव्यांची किंवा डिकीच्या दाराची रबरे झिजलेली असण्याची शक्यता अधिक असते.

समुद्रकाठी राहणाऱ्यांनी गाडीच्या पोटाला गंजरोधक लेप जरूर द्यावा, पण त्यासाठी दोन पथ्ये पाळावीत. लेपाआधी तळ धुऊन पूर्ण वाळवावा, कारण ओल्या मातीवर चढवलेला जाड डांबरी लेप पुढे तडकतो आणि ओल आतच कोंडून ठेवतो. दुसरे पथ्य असे की, निचऱ्याची छिद्रे, ब्रेकचे भाग आणि सायलेन्सर लेपाखाली जाता कामा नयेत. काम बाहेर करून घेतले, तर घरी आल्यावर टॉर्च घेऊन छिद्रे स्वतः तपासावीत.

टायर

टायरच्या खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. टायरचा पृष्ठभाग झिजून त्यांच्या पातळीला आला, म्हणजे खोली १.६ मिलिमीटरवर आली आणि टायर संपला. पण ही शेवटची मर्यादा आहे. घाटरस्त्यावर भर पावसात गाडी चालवायची असेल, तर खाच ३ मिलिमीटरच्या खाली जाताच टायर बदलावेत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण खाच उथळ झाली की टायरखालचे पाणी बाजूला सारले जात नाही आणि वेगात गाडी पाण्याच्या थरावर तरंगू लागते. अशा वेळी ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी ठरतात. टायरच्या बाजूवरील चार आकडी खूण निर्मितीची तारीख सांगते: २३२३ म्हणजे २०२३ सालातील २३ वा आठवडा. खाच भरपूर असूनही रबराला बारीक भेगा पडलेल्या असतील, तर तो टायर म्हातारा झाला आहे.

पावसात पकड वाढावी म्हणून हवा थोडी कमी ठेवा, असा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. तो चुकीचा आहे. कमी हवेत टायरचा मधला भाग आत दबतो, खाचा आवळल्या जातात आणि गाडी उलट कमी वेगातच पाण्यावर तरंगते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर लावलेल्या पट्टीवर जो दाब लिहिलेला असतो तोच ठेवावा, टायर थंड असताना मोजावा आणि स्टेपनीला विसरू नये. चाक स्वतः बदलण्याचा सराव घराजवळच्या सपाट जमिनीवर एकदा तरी करावा: नट आधी जमिनीवरच सैल करायचे, तिरक्या बाजूच्या चाकाला दगड लावायचा, मग जॅक चढवायचा. गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली हात किंवा डोके घालू नये, मग काम कितीही छोटे असो.

काच, वायपर आणि ब्रेक

वायपरचे रबर उन्हाळ्यात कडक होते, म्हणून रेघा ओढणारे किंवा थरथरणारे पाते बदलावे. पाते काढल्यावर धातूचा दांडा स्प्रिंगच्या जोराने काचेवर आपटून ती तडकू शकते, यासाठी आधीच काचेवर जाड टॉवेल पसरून ठेवावा. काचेवर बसलेला तेलकट थर निघाला नाही, तर नवे पातेही समोरच्या दिव्यांचा प्रकाश फासल्यासारखा पसरवते. पांढरा व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन काच आतून-बाहेरून पुसावी. पावसात काचेवर वाफ धरली की अनेक जण एसी बंद करतात, प्रत्यक्षात करायचे ते उलट आहे: एसी चालू ठेवून हवा बाहेरून घ्यावी आणि तिचा झोत काचेकडे वळवावा, कारण एसी हवेतील ओलावा काढून घेतो.

ब्रेक ऑइलची पातळी उतरली म्हणून नुसते ओतून भरू नये. पॅड झिजत जातात तशी ती पातळी हळूहळू उतरते, आणि एकदम उतरली तर गळती असते. दोन्ही वेळा आधी कारण शोधावे. हे ऑइल हवेतील ओल शोषते आणि ओल शोषलेले ऑइल घाटाच्या लांब उतारावर तापून उकळू लागते, तेव्हा पेडल पोकळ लागते. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते बदलून घ्यावे, आणि हे काम गॅरेजवरच सोपवावे. रात्रभराच्या पावसानंतर डिस्कवर तांबूस गंज दिसतो तो पहिल्या काही ब्रेकमध्ये पुसला जातो, त्याची चिंता नको. मागे ड्रम ब्रेक असलेली गाडी पावसात बरेच दिवस उभी राहणार असेल, तर सपाट जागी हँडब्रेक ओढण्याऐवजी ती गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावणे चांगले, नाहीतर लायनर ड्रमला चिकटतात.

बॅटरी आणि जास्तीची उपकरणे

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर मल्टीमीटरने सुमारे १२.६ व्होल्ट दिसले तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ च्या खाली असेल तर पावसाळ्यात दिवे, वायपर आणि एसी एकत्र चालवताना ती दगा देण्याची शक्यता आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवे, मात्र काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर (इंजिनवर चालणारे, बॅटरी भरणारे यंत्र) संगणकाच्या आज्ञेने चालत असल्याने हा आकडा खाली-वर होतो. टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवट थर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवावा, कोरडे झाल्यावर पेट्रोलियम जेली लावावी. टर्मिनल काढताना आधी ऋण, बसवताना ऋण शेवटी, हा क्रम कधीही मोडू नये.

आता बदलांविषयी. गाडीत काहीही जोडताना मूळ वायरिंग कापायचे नाही, हा माझा पहिला आणि न बदलणारा नियम आहे. वायर सोलून, पिळून आणि चिकटपट्टी गुंडाळून केलेला जोड उन्हाळाभर टिकतो आणि जुलैत त्यात पाणी शिरून हिरवा गंज धरतो. मग दिवे मिणमिणतात, फ्यूज उडतात आणि दोष शोधताना मेकॅनिकचा सबंध दिवस जातो.

उदाहरण म्हणून डॅशकॅम, म्हणजे समोरचा रस्ता टिपणारा छोटा कॅमेरा घेऊ. त्यासाठी फ्यूज टॅप नावाचा छोटा जोड मिळतो. तो आपल्या गाडीतील फ्यूजच्याच आकाराचा घ्यावा. चावी फिरवल्यावरच वीज मिळणारा चार्जिंग सॉकेटचा किंवा म्युझिक सिस्टिमचा फ्यूज निवडावा. एअरबॅग, एबीएस (ब्रेक मारताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) आणि इंजिन संगणक यांच्या फ्यूजना हात लावू नये. चावी बंद करून फ्यूज काढावा, मग चावी चालू करून मल्टीमीटरने खाचेच्या कोणत्या बाजूला वीज येते, ते पाहावे. पुन्हा चावी बंद करून टॅप अशा रीतीने बसवावा की त्याची वायर निघणारी बाजू वीज नसलेल्या टोकाकडे येईल. तसे केल्यानेच मूळ उपकरण आणि कॅमेरा यांना आपापल्या फ्यूजचे स्वतंत्र संरक्षण मिळते. मूळ फ्यूज टॅपच्या एका खाचेत जातो, दुसऱ्या खाचेत कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत सांगितलेला छोटा फ्यूज घालावा. ऋण वायर रंग नसलेल्या, घट्ट धातूच्या बोल्टखाली अडकवावी. पुढच्या काचेशेजारच्या खांबात पडदा एअरबॅग (बाजूच्या काचांवर पडद्यासारखी उघडणारी) असेल, तर वायर तिच्या मागून न्यावी. पुढून नेलेली वायर एअरबॅग उघडताना अडथळा होते आणि चेहऱ्यावर आपटू शकते. गाडी बंद असतानाही कॅमेरा चालवायचा असेल, तर व्होल्टेज उतरल्यावर आपोआप बंद होणारा संच घ्यावा.

उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज कधीच घालू नये. रंग लक्षात ठेवावेत: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. १५ च्या जागी ३० घातला, तर आधी वायर वितळते आणि मग फ्यूज उडतो.

हेच गणित हेडलाइटला लागू आहे. नेहमीच्या हॅलोजन बल्बचा खालचा झोत ५५ वॅटचा असतो, म्हणजे दोन्ही मिळून १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर. ९० वॅटचे बल्ब घातले की हा भार १५ अँपिअरवर जातो आणि मूळ वायर, होल्डर व परावर्तक ते सोसत नाहीत. हॅलोजनसाठी बनवलेल्या परावर्तकात एलईडी बल्ब घातला तर झोत विस्कटतो. आपल्याला उजेड वाढल्यासारखा वाटतो, पण तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि ओल्या रस्त्यावर त्याचा त्रास दुप्पट होतो. त्यापेक्षा पिवळी पडलेली हेडलाइटची काच साफ करणे किती तरी हिताचे. भोवतीच्या रंगावर टेप लावून १०००, २००० आणि ३००० नंबरचा पॉलिशपेपर क्रमाने पाण्यासह फिरवावा, मग पॉलिश करावे आणि शेवटी अतिनील किरणांपासून वाचवणारा थर आवर्जून द्यावा. घासताना कंपनीचा मूळ थर निघून गेलेला असतो, तो परत दिला नाही तर काही महिन्यांत काच पूर्वीपेक्षा वाईट दिसते.

कायद्याची मर्यादाही ध्यानात असावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुढचे लोखंडी क्रॅश गार्ड तर लावूच नयेत: केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यांच्यावर कारवाई करण्यास सांगितले, आणि धडकेचा जोर बंपरऐवजी थेट सांगाड्यावर गेल्याने एअरबॅगच्या वेळेत गडबड होण्याचा धोका असतो.

पाणी भरलेल्या रस्त्यावर

एवढी तयारी करूनही वाहत्या पाण्यात गाडी घालू नये. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा स्टार्टर मारण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलेले असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही, आणि त्या एका प्रयत्नात कनेक्टिंग रॉड वाकतो. माणसांनी आधी सुरक्षित जागी जावे, शक्य असेल तर गाडी ढकलून कोरड्या जागी आणावी, बॅटरीची ऋण वायर काढावी, पाण्याची पातळी दिसेल असे फोटो घ्यावेत आणि विमा कंपनीला कळवून गाडी उचलून नेणाऱ्या वाहनावरूनच गॅरेजला न्यावी. सर्वसाधारण विम्यात पाण्यामुळे इंजिनचे झालेले असे नुकसान बहुधा धरले जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते, आणि ती तुमच्या पॉलिसीत आहे की नाही, हे मे महिन्यातच कागद काढून पाहावे.