लंगरच्या सेवेला पहिल्यांदा जाताना

ठाण्यात तीन हात नाक्याजवळच्या गुरुद्वाऱ्यात मी रविवारी लंगरच्या, म्हणजे सगळ्यांसाठी असलेल्या मोफत पंगतीच्या, सेवेला जाते. ‘आम्हालाही यायचंय, पण तिथे ओळख नाही,’ असं बऱ्याच जणी म्हणतात. ओळख लागत नाही, शीख असावं लागत नाही. मात्र सिगारेट, तंबाखू, गुटखा घरीच ठेवून या. चपला जोडाघरात द्या, हातपाय धुवा, डोकं ओढणीने किंवा रुमालाने झाका. आधी दरबारात माथा टेकायचा. गुरू ग्रंथ साहिब या शिखांच्या धर्मग्रंथात आपल्या नामदेवांचे ६१ शबद, म्हणजे पदं, आहेत, त्यामुळे मला तरी तिथे कधी परकं वाटलं नाही.

आल्या आल्या वाढायला धावू नका. आधी पंगतीत बसून जेवा, शेजारी कोण आहे ते न बघता. गुरू नानकांपासून लंगरची रीत हीच आहे, आणि कसं वाढतात तेही बसल्या जागी दिसतं. मग एखाद्या सेवादाराला विचारा, ‘वीरजी, क्या सेवा करूँ?’

नवख्यांना बहुतेक वेळा कांदे सोलायला, रोट्या लाटायला नाहीतर भांड्यांना बसवतात. अंगठ्या-बांगड्या आधीच काढा, कणीक अडकते. गोल लाटण्याचा हट्ट नको, जाडी सारखी ठेवा. रांधताना चव मात्र घ्यायची नाही. अरदास, म्हणजे प्रार्थना, होऊन भोग लागेपर्यंत अन्न उष्टं होता कामा नये.

खरं कसब वाढण्यात आहे. ‘परशादा, वाहेगुरू’ म्हणत पुढे जायचं; परशादा म्हणजे रोटी. समोरचा दोन्ही तळवे पसरतो, त्यावर रोटी अलगद ठेवायची. वरून टाकायची नाही. डाळ कढत असते. कमरेतून वाका, ओगराळं थाळीजवळ न्या, पण टेकू देऊ नका. उंचावरून ओतलंत तर मांडीवर शिंतोडे उडतात. दुसऱ्या फेरीला चेहऱ्यांकडे बघा. पोटात भूक असूनही काहींना मागायचा संकोच वाटतो. त्यांच्यापुढे जरा थांबा, ‘और एक?’ एवढंच विचारा. मला या सेवेत सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. कोण गरजू, कोण सहज आलेला, ही चौकशी करायची नाही आणि जेवणाऱ्यांचे फोटो तर मुळीच काढायचे नाहीत.

घरून शिजवलेलं काही आणू नका. आटा, डाळ, तेल द्यायचं असेल तर काय हवंय ते आधी विचारा. गुरुपुरबाला, म्हणजे गुरूंच्या जयंतीसारख्या सणाला, हात भरपूर असतात. जमलं तर मधल्या वारी दुपारी जा. तेव्हा भांडी घासायला माणूस हवा असतो.