आधी घाम, मग श्वास, मग स्वस्थ बसणं

साताऱ्यात सकाळी मी चाळिशी-पन्नाशीच्या बायकांचा योगवर्ग घेते. नवीन येणारीचं गाऱ्हाणं बहुधा ठरलेलं असतं: "ताई, ध्यानाला बसलं की पाठ दुखते आणि डोक्यात वाणसामानाची यादी सुरू होते." म्हणून मी सुरुवातीला कुणाला बसवतच नाही. आखडलेलं अंग आधी मोकळं करायचं, मग श्वास संथ करायचा, मग डोळे मिटायचे आणि त्यानंतर खायचं. हा क्रम मात्र मोडू नका.

उठल्यावर कोमट पाणी प्या. पोट साफ झालं की मान, खांदे, घोटे पाच मिनिटं फिरवून घ्या. मग सूर्यनमस्कार. आमच्याच जिल्ह्यातल्या औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ते आपल्या संस्थानातल्या शाळांमधून रुजवले. हात वर नेताना आणि भुजंगासनात श्वास आत, पुढे वाकताना आणि पर्वतासनात बाहेर. घाईघाईने घातलेल्या पंचवीस नमस्कारांपेक्षा श्वासाच्या लयीत घातलेले सहा मला जास्त मोलाचे वाटतात. धाप लागली तर उभं राहून थांबा. गुडघे साथ देत नसतील तर चाला: बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस चाललं की जागतिक आरोग्य संघटना सांगते ती 150 मिनिटं भरतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी व्यायाम करण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम खाली येऊ शकते.

थोडा वेळ शवासन करून उठा. सतरंजीची जाड घडी घालून त्यावर बसा, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा उंच राहते आणि पाठ आपोआप सरळ होते. मनात चार मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. असे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडण्याला जास्त वेळ द्यायचा. रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास कोंडू नये. टीव्हीवर बघून जोरजोरात कपालभाती करणाऱ्यांची मला फार काळजी वाटते. रक्तदाब, हर्निया, गरोदरपण किंवा पोटाचं नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर ती करूच नका.

शेवटी पाच वेळा भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना तोंड मिटून भुंग्यासारखं गुणगुणणं. तो गुणगुणाट थांबला की नाकपुडीपाशी श्वासाचा गार-उबदार स्पर्श जाणवत राहतो. तेवढ्यावरच लक्ष ठेवा. यादी आठवली तर आठवू द्या, पुन्हा श्वासावर या. सुरुवातीला पाच मिनिटं पुरे.

अर्ध्या तासाने नाश्ता. नुसते पोहे आणि चहा यावर भागवू नका. त्यात शेंगदाणे, मोड आलेली मटकी घाला. पाळी थांबलेल्या बायकांना मी नाचणीचा आग्रह करते, आंबील करा नाहीतर भाकरी: 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 340 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. दुपारी ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ, ताक. आमटी पाण्यासारखी पातळ नको, डाळ सढळ हाताने घाला. या वयात स्नायू झिजतात, त्यांना प्रथिनं हवीत. मीठ दिवसभराचं मिळून एका चमच्याच्या, म्हणजे 5 ग्रॅमच्या आत. लोणचं आणि पापडातलंही त्यातच मोजा.

रात्रीचं जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी उरका आणि शतपावली घाला. पायांचे स्नायू चालताना रक्तातली साखर वापरतात, त्यामुळे जेवणानंतरची पंधरा मिनिटं खरोखर कामी येतात.

घरात पाहुणे असले, लग्नसराई असली तरी तीन नमस्कार, दहा सावकाश श्वास आणि दोन मिनिटं डोळे मिटून बसणं होतंच. त्या दिवशी गोडधोड जास्त झालं असेल तर रात्रीची शतपावली थोडी लांबवा.