खाऱ्या पाण्याच्या टँकमधली मारामारी कशी आवरावी

‘दोन दिवस भांडतील, मग जुळेल,’ असं दुकानदार सांगतो. जुळत नाही. समुद्रात हरलेला मासा पळून जातो, चार फुटी टँकमध्ये तो जाणार कुठे?

खरेदीचा क्रम सोपा आहे. फायरफिश, गोबी असे भित्रे मासे आधी, मग क्लाउनफिशची जोडी, हद्दीसाठी भांडणारा टँग मासा सगळ्यात शेवटी. क्लाउन एक मोठा, एक लहान घ्या. मोठा मादी होतो. डॅमसेल हा छोटा भांडखोर मासा स्वस्त म्हणून गळ्यात मारतात. घेऊ नका, तो परत पकडायला सगळे दगड उपसावे लागतात.

तापमान, क्षारता जुळवून झाली की नवा मासा भोकं असलेल्या पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या डब्यात ठेवून डबा टँकमध्ये आतून टांगायचा. जुने मासे त्याला बघतात, पण चावू शकत नाहीत. इथवर कुणालाही जमतं. डबा उघडायचा कधी, तिथे मी आपटलो.

माझा यलो टँग दीड वर्ष एकटा राजा होता. शेजारी डब्यात सेलफिन टँग आणून ठेवला. दुसऱ्या रात्री पाहिलं तर यलो डब्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. उघडला डबा. सकाळी सेलफिन पंपामागे अडकलेला, दोन्ही कुशींवर उभे चिरे. टँगच्या शेपटीच्या बुडाशी वस्तऱ्यासारखा काटा असतो, त्याचे. दुपारपर्यंत गेला.

यलो टँग रात्री फिका पडतो, अंगावर तपकिरी डाग आणि मधोमध पांढरा पट्टा उमटतो. तो झोपला होता, मी शहाणा त्याला शांत समजलो! शिवाय दोघेही एकाच कुळीचे, अंगाचा आकारही सारखाच. चार फुटात ही जोडी नकोच होती.

म्हणून परीक्षा सकाळी, दिवे लागल्यावर, खाणं टाकायच्या आधी घ्या. जुना मासा पर ताठ करून आडवा उभा राहतो किंवा डब्यावर शेपटी झटकतो, तोवर डबा बंद. पाच दिवस लागोत की पंधरा. सलग तीन सकाळी त्याने लक्ष दिलं नाही, तरच उघडा.

सोडायच्या दिवशी अर्धे दगड हलवा, म्हणजे जुन्याची हद्द मोडते. नोरी, म्हणजे खायचं वाळवलेलं समुद्री शेवाळ, दोन टोकांना लावा. दिवे मालवून सोडा.

तरीही नवा मासा कोपऱ्यात पृष्ठभागाशी लटकून राहिला, खायला आला नाही, तर त्याला परत डब्यात घालू नका. गुंडाला घाला. आठवडाभर तो आत, नवा मोकळा.