बेसवर पहिलं फंक गाणं बसवताना

बेस गिटार हातात घेऊन थोडेच दिवस झालेत आणि फंक वाजवायचंय, तर सगळ्यात आधी स्लॅपचे व्हिडिओ बाजूला ठेवा. स्लॅप भारी वाटतं, आहेच भारी. पण बेसिस्ट लॅरी ग्रॅहम आईच्या बँडमध्ये वाजवायचा आणि तिथे ड्रमर नव्हता, म्हणून तो अंगठ्याने तार ठोकून बेस ड्रमची (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि बोटाने तार ओढून स्नेअरची (काडीने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम) जागा भरायला लागला, त्यातून ती स्टाईल आली. म्हणजे मुळात ते ड्रमचं काम आहे, आणि ठेका अंगात नसेल तर नुसता खडखडाट होतो. पहिलं गाणं साध्या दोन बोटांनी बसवा, तर्जनी आणि मधलं बोट, आलटून पालटून.

गाणं असं घ्या की ज्यात बेसची एकच ओळ फिरून फिरून येते, कॉर्ड एक किंवा दोन, टेम्पो साधारण १०० बीपीएमच्या (मिनिटाला १०० बीट) आसपास. टॅब (कुठल्या तारेचा कुठला फ्रेट ते आकड्यांत लिहिलेलं) शोधायच्या आधी गाणं नुसतं ऐका, हेडफोन लावून, आणि बेसची लाईन तोंडाने म्हणून बघा. जे तोंडाने म्हणता येत नाही ते बोटांतून येत नाही, हे मी कुणालाही सांगेन. म्हणताना बेस ड्रम कुठे पडतोय तेही ऐका, कारण तुमची जोडी त्याच्याशी आहे, गिटारशी नाही.

आता खरी गोष्ट. फंकमध्ये सूर कमी आणि जागा जास्त असतात. नवीन माणूस कुठला फ्रेट दाबायचा यातच अडकतो, पण सूर कधी बंद करायचा यावर सगळं आहे. फंकचा मोठा गायक जेम्स ब्राऊन याचा बँडकडे आग्रहच असायचा की पहिल्या बीटवर, म्हणजे समेवर, सगळ्यांनी एकत्र जोरात यायचं, आणि १९७० मध्ये त्याच्याकडे वाजवायला लागलेला बेसिस्ट बूट्सी कॉलिन्स हेच तिथे शिकला. सम पक्की असली की मधे काहीही करा, ऐकणाऱ्याचं डोकं हलतंच.

हे हाताने करून बघायला एक छोटी लाईन देतो, ए मधली. मोजायचं असं: वन-ई-अँड-अ, टू-ई-अँड-अ, म्हणजे एका बीटचे चार तुकडे. वनवर सगळ्यात जाड तारेचा पाचवा फ्रेट, आणि वाजल्या वाजल्या डाव्या बोटाचा दाब सोडायचा, पण बोट तारेवरच ठेवायचं. बोट उचललं तर मोकळी तार गुणगुणत राहते आणि सगळी मजा जाते. टूवर त्याच तारेवर दोन घोस्ट नोट, टू आणि ई, डावी बोटं नुसती टेकवलेली आणि उजव्याने मारायचं, फक्त टक टक आवाज यायला हवा, सूर नाही. त्यासाठी एकाऐवजी दोन-तीन बोटं टेकवा, नाहीतर पाचव्या फ्रेटवर एकच बोट राहिलं की कधीकधी शिट्टीसारखा हार्मोनिक निघतो. थ्रीवर डी तारेचा (जाड तारेपासून तिसरी) पाचवा फ्रेट, त्याच्या अँडवर सातवा, हा वरच्या ऑक्टेव्हचा ए. डी तारेवर गेलात की उजवा अंगठा जाड तारेवर ठेवा म्हणजे ती गप्प राहील. फोर पूर्ण शांत, फक्त शेवटच्या अ ला जाड तारेचा तिसरा फ्रेट, आणि तिथून लगेच परत समेवर. बास, एवढंच.

मेट्रोनोम (ठेक्याची टकटक देणारं यंत्र किंवा ॲप) ६० वर लावा. हळू वाजवणं फास्टपेक्षा अवघड असतं कारण मधली शांतता लांब होते आणि हात उगाच काहीतरी भरायला बघतो, ते भरू देऊ नका. पाय चालू ठेवा, फोरच्या शांततेत पण. ६० वर न अडखळता बराच वेळ फिरवता आलं की पाच-पाचने वाढवत जा. नंतर मेट्रोनोम अर्ध्या स्पीडला करून क्लिक टू आणि फोरवर आहे असं धरा, सुरुवातीला सटकतं, पण वन आपला आपल्याला धरावा लागतो आणि त्यानेच टाईम सुधारतो.

मग खऱ्या गाण्याकडे या. यूट्यूबवर स्पीड ०.७५ करता येतो, सूर बदलत नाही. एका वेळी दोनच बार (वन ते फोर म्हणजे एक बार) घ्या, टॅब मिळाली तरी कानाने पडताळा कारण नेटवरच्या बऱ्याच टॅबमध्ये फ्रेट बरोबर असतात पण सूर किती लांब ठेवायचा ते लिहिलेलंच नसतं. आणि फोनवर रेकॉर्ड करा, वाजवताना आपण टाईट वाटतो, ऐकताना कळतं की प्रत्येक बारमध्ये थोडं पुढे पळतोय.

मनगट किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तर थांबा, बहुतेक वेळा फ्रेट गरजेपेक्षा जोरात दाबला जात असतो. फ्रेटच्या पट्टीच्या अगदी मागे बोट ठेवलं की कमी जोर लागतो. उजवा हातही हलकाच ठेवा आणि अँपचा आवाज वाढवा, उलटं करू नका.

पूर्ण गाणं ओरिजिनल स्पीडला ड्रमसोबत बसलं की मग दर चौथ्या बारच्या शेवटी एखादा जास्तीचा सूर टाकून बघा, एकच. त्यामुळे पुढची सम अर्ध्या केसाने जरी हलली तर तो सूर काढून टाका.