भिंतीत रीफ टँक बसवायचा तर आधी कोठीची खोली रिकामी करा

भिंतीतला रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातले मासे आणि कोरल (प्रवाळ) ठेवायचा टँक म्हटलं की घरातले सगळे सोफ्यावर बसून विचार करतात. फ्रेम सागवानी करायची की काळी, वर लाइट कुठे सोडायचा. मी बांधकामाच्या साइटवर आयुष्य काढलेली बाई, त्यामुळे मी भिंतीच्या मागून सुरुवात केली. आमचं नाशिकला रो-हाऊस आहे. हॉल आणि कोठीची खोली यांच्यामध्ये साडेचार इंची भिंत, तिच्यात सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच टँक. हॉलमध्ये दिसते ती फक्त काच. बाकी सम्प (टँकखालची पाण्याची दुसरी टाकी), पाईप, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र), मिठाच्या बादल्या आणि ओले हात पुसायचा टॉवेल हा सगळा संसार कोठीत. ती खोली सोडायची तयारी नसेल तर या भानगडीत पडू नका, स्टँडवरचा चार फुटी टँक घ्या आणि सुखात राहा.

आता वजन. या मापात वरून थोडा रिकामा ठेवला आणि दगडांची जागा वजा केली तरी सहाशे लिटर पाणी राहतं. काच, दगड, वाळू, स्टँड आणि खालचा सम्प धरला की हिशोब टनापर्यंत जातो, आणि तो सगळा भार बारा चौरस फुटांवर. घरातले स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो भार धरून डिझाइन करतात. म्हणून वरच्या मजल्यावर असाल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी आणा, बीम कुठून जातो ते बघू द्या, आणि बाल्कनीचा पुढे काढलेला स्लॅब तर विसराच. तळमजलाही आपोआप सुरक्षित ठरत नाही. फरशीखाली मुरुमाची भरणी असते, ती वर्षानुवर्षं बसत राहते. आम्ही टँकखालची फरशी काढून भरणी धुम्मसने कुटली आणि वर जाळी टाकून सहा इंचाचं काँक्रीट ओतलं. मिस्त्री म्हणाले, "ताई, इथे काय मंदिर बांधताय का?"

स्टँड लोखंडी करू नका असं मी म्हणेन. खारं पाणी पावडर कोटिंगच्या एका ओरखड्यातूनही आत शिरतं. आमचा विटांच्या तीन आडव्या भिंतींवर ग्रॅनाइट टाकून केलेला आहे, स्वयंपाकाच्या ओट्यासारखा. वरची पातळी गवंड्याच्या पाण्याच्या नळीने चारही कोपऱ्यांत तपासली, मग थर्मोकोलची शीट, मग टँक.

भिंत फोडताना ती फक्त पार्टिशनची आहे ना, हे खात्रीने बघा. फ्लॅट असेल तर सोसायटीची परवानगी लागेल. वर लिंटेल टाका, म्हणजे उरलेल्या विटांचा भार काचेवर येत नाही. टँकभोवती बोटभर फट सोडा आणि ती झाकणारी फ्रेम स्क्रूवर ठेवा. सिलिकॉन म्हातारं झालं की टँक बाहेर काढावा लागणारच, तेव्हा कोठीच्या बाजूने तो सरळ ओढता आला पाहिजे. टँकच्या वर निदान दीड फूट मोकळी जागा हवी, नाहीतर तळाशी पडलेला शिंपला उचलायला खांद्यापर्यंत हात जाणार नाही.

काच 15 मिमीची घेतली, फक्त दर्शनी बाजू एक्स्ट्रा क्लिअर. टफन्ड काचेला नंतर भोकं पाडता येत नाहीत, त्यामुळे ड्रिलिंग आधी ठरवा. एवढा टँक दारातून, जिन्याच्या वळणावरून आणण्यापेक्षा जागेवरच जोडून घेतलेला बरा.

प्लंबिंगवर मात्र वेळ घालवा. टँकच्या वरचं पाणी ज्यात सांडतं त्या ओव्हरफ्लोच्या डब्यातून सम्पकडे तीन पाईप उतरतात. पहिला गेट व्हॉल्व्हने आवळलेला, तो पूर्ण भरून वाहतो म्हणून आवाज करत नाही. दुसऱ्यातून उरलेली पातळ धार जाते. तिसरा कोरडा, पहिला तुंबला तर उपयोगी पडणारा. दोनच पाईपवर भागवा असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. प्रत्येक पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन (हाताने उघडता येणारा जोड) आणि व्हॉल्व्ह हवेत, म्हणजे पंप धुवायला काढताना पाईप कापावा लागत नाही.

आणि हे गणित पाठ करा: सहा बाय दोन फुटी टँकमध्ये एक इंच पाणी म्हणजे 28 लिटर. वीज गेली की ओव्हरफ्लोच्या दात्यांपर्यंतचं पाणी, सम्पमधून पाणी परत वर आणणाऱ्या रिटर्न पाईपच्या तोंडापर्यंतचं पाणी आणि पाईपमधलं पाणी असं सगळं सम्पमध्ये उतरतं. दीड इंचाचे 42 लिटर आणि पाईपचे वेगळे. आमचा सम्प चार बाय दीड फूट, त्यात एका इंचाला 14 लिटर मावतात, म्हणून वरचे पाच इंच कायम रिकामे असतात. त्या रेघेवर मी लाल पर्मनंट मार्करने खूण केली आहे. मासे आणायच्या आधी मेन स्विच बंद करा आणि सम्पपाशी उकिडवं बसून पाणी कुठवर चढतं ते बघा. पाणी काठाशी आलं तर रिटर्नचं तोंड आणखी वर घ्या. तरीही कोठीत नहाणी ट्रॅप आणि वॉटरप्रूफिंग हवंच.

विजेसाठी स्वतंत्र एमसीबी, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळाच्या टोकावरून गळतं. इन्व्हर्टरवर चिलर ओढला जाणार नाही, पण एक वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा छोटा पंप) ठेवाच. वीज गेल्यावर मासे आधी मरतात ते ऑक्सिजनअभावी. पाणी 25-26 अंशांवर राहायला हवं. एप्रिल-मेमध्ये चिलरशिवाय ते होत नाही आणि नाशिकच्या डिसेंबरात हीटरशिवाय. चिलरची गरम हवा खिडकीबाहेर सोडा. एक्झॉस्ट फॅनही लागतो, नाहीतर रोज उडणाऱ्या पाण्याची दमट हवा भिंतीचे पोपडे काढते. आमचा टँक महिन्याला 300 युनिटच्या आसपास खातो, म्हणजे घरचे युनिट वेगळे आणि वीजदराचा टप्पा वरचा. घरात हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

पिण्याच्या आरओचं पाणी चालत नाही. त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतात. वेगळा आरओ आणि त्यापुढे डीआय (उरलेले क्षार शोषणारा फिल्टर) लावा, टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार शून्य आले पाहिजेत. मीठ लिटरला साधारण 37 ग्रॅम, क्षारता हजारी 35, ती मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर 35 च्याच द्रावणावर जुळवलेला. उडून जातं ते पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची.

कोरल निवडताना कायदा डोळ्यासमोर ठेवा. आपल्या किनाऱ्यावरचे कठीण कोरल, सी फॅन आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहेत. मालवणहून उचललेला दगडही घरी आणू नका. परदेशी कठीण कोरल साइट्सच्या (धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, CITES) यादीत येतात, त्यांना कागदपत्रं लागतात आणि 2024 च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीही. मी सरळ मऊ कोरलवर थांबले: लेदर, मशरूम, झोअँथस. वाऱ्याला धरलेल्या ज्वारीसारखे हलतात, कॅल्शियमसाठी जीव खात नाहीत. झोअँथसला हात लावताना मात्र हातमोजे आणि चष्मा हवाच. काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, म्हणून तो दगड कधी उकळू किंवा घासू नका.

दगड कृत्रिम, कोरडा घ्या, आणि वाळूच्या आधी थेट तळाच्या काचेवर टेकवा. बिळं खणणारे मासे वाळू उकरतात आणि वरचा ढीग कोसळतो. मग अमोनिया घालून टँक चार-सहा आठवडे तसाच चालू द्या, म्हणजे माशांची घाण पचवणारे जीवाणू आत वाढतील. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की पुढचं. तपकिरी थर येईल, नंतर हिरवा, घाबरून बाटल्या ओतू नका.

मासे क्लाउनफिशपासून सुरू करा. सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) त्यांचं प्रजनन भारतात केव्हाच साध्य केलंय, तेव्हा हॅचरीतलेच मागा. नवा मासा आधी वेगळ्या टबात चार आठवडे. तांब्याचं औषध द्यायचं तर तिथेच, कारण मुख्य टँकमध्ये ते कोळंबी आणि कोरल मारतं.

स्किमर, म्हणजे फेसातून पाण्यातली घाण काढणारं यंत्र, खोलीतली हवा ओढून पाण्यात मिसळतो. डासांचा स्प्रे, पेस्ट कंट्रोल, धूप हे सगळं थेट त्यात जातं, आणि कोळंबीला तर असली फवारणी जीवघेणीच. स्किमरची हवेची नळी खिडकीतून बाहेर काढा आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला कोठीत पाऊल टाकू देऊ नका.

गणपतीत गावी जाताना शेजारच्या काकूंना खाण्याचा डबा देऊन जाऊ नका, मासे भुकेले दिसतात आणि काकू प्रेमळ असतात. रोजची एक पुडी बांधून, वर वार लिहून द्या, आणि मेन स्विच कुठे आहे ते दाखवून ठेवा.