बंदुकीच्या परवान्याआधी घरपट्टीची पावती

केटीला, म्हणजे ह्यूस्टनच्या पश्चिमेला, माझं किराणा दुकान आहे. रात्री दहाला गल्ला घेऊन अंधारात गाडीपर्यंत एकट्याने चालायचं, म्हणून टेक्ससचा पिस्तुल जवळ बाळगायचा परवाना काढायचं ठरवलं. जुने लोक त्याला अजून सीएचएल (कन्सील्ड हँडगन लायसन्स) म्हणतात. २०१६ पासून त्याचं नाव एलटीसी (लायसन्स टू कॅरी). २०२१ नंतर एकविशी ओलांडलेल्या बहुतेकांना इथे परवान्याशिवायही पिस्तुल बाळगता येतं, पण मला अधूनमधून शेजारच्या राज्यांत जावं लागतं आणि तिथे हे कार्ड कामी येतं. (एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर हा विषय सोडा. मोजके अपवाद वगळता केंद्राचा कायदा तुम्हाला बंदूक बाळगूच देत नाही. ग्रीन कार्डवाल्यांनी पुढे वाचावं.)

क्लास केला, लेखी परीक्षा दिली, पन्नास गोळ्या झाडून पास झालो. आणि अडलो कुठे? घरपट्टीवर. बायको हसली. म्हणाली, "गावी ग्रामपंचायतीला उभं राहायचं तरी थकबाकी चालत नाही, इथे वेगळं काय असणार!"

टेक्ससच्या गव्हर्नमेंट कोड या कायद्याच्या ४११.१७२ कलमात परवान्याच्या पात्रतेच्या अटी आहेत. त्यांत एक अशी की राज्याचा कम्प्ट्रोलर (राज्याचे कर गोळा करणारा अधिकारी), स्थानिक करवसुली कार्यालय किंवा राज्याचं कुठलंही खातं यांच्या पैशांचे तुम्ही अंतिमतः थकबाकीदार ठरलेले नसावेत. मुलांच्या पोटगीचीही तशीच अट आहे. आयआरएसचं, म्हणजे केंद्राच्या आयकर खात्याचं नाव या कलमात नाही, पण म्हणून तिकडचे पैसे थकवा असं मी सांगत नाही. सगळ्या अटी पूर्ण करतो असं शपथेवर लिहून द्यावं लागतं, म्हणून "बघू, पकडलं तर भरू" हा विचार डोक्यात आणू नका.

माझं काय झालं ते सांगतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांचं होईल. घराचं कर्ज होतं तोवर बँक हप्त्यातूनच घरपट्टी भरायची. कर्ज फिटलं, बिल माझ्यावर आलं. काउंटीचं भरलं, शाळेचं भरलं. मडचं, म्हणजे आमच्या वसाहतीच्या पाणी-सांडपाणी डिस्ट्रिक्टचं बिल वेगळं येतं, हे ध्यानातच नव्हतं. बिल मिळालं नाही ही सबब इथे चालत नाही. ३१ जानेवारीची मुदत चुकली की फेब्रुवारीत ७ टक्के चढतात, जुलैत १८, आणि वर वसुली वकिलाचे २० टक्क्यांपर्यंत. माझ्या बाराशे डॉलरचे जुलैत जवळजवळ सतराशे झाले.

तेव्हा क्लासचे पैसे भरण्याआधी काउंटी अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (करासाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाच्या) साइटवर आपलं घर काढा आणि त्यावर कोणकोण कर लावतं ते बघा. प्रत्येकाच्या कार्यालयात बाकी तपासा. लेखी हवं असेल तर टॅक्स सर्टिफिकेट, म्हणजे कराच्या बाकीचा दाखला मागा. एका कार्यालयाला जास्तीत जास्त दहा डॉलर लागतात.

धंदा असेल तर सेल्स टॅक्सही तपासा. डबे विकायचे म्हणून कधीकाळी परमिट काढलं आणि धंदा बंद करताना ते बंद केलं नाही, असे किती जण माहीत आहेत मला! विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावंच लागतं. उशीर झाला की प्रत्येक रिटर्नमागे ५० डॉलर दंड. जुनी पत्रं न उघडता टाकू नका.

बाकी सापडली तर पूर्ण भरा, पावती घ्या, खात्यावर शून्य दिसेपर्यंत थांबा आणि मगच अर्ज करा. हप्ते बांधून मिळतात, पण माझं मत विचाराल तर अर्जाआधी हिशेब मिटवलेला बरा.

तरीही अर्ज नाकारला, तर नोटीस हातात पडल्यापासून तीस दिवसांत सुनावणी मागता येते. ती तुमच्याच काउंटीच्या जस्टिस कोर्टात, म्हणजे स्थानिक छोट्या कोर्टात होते.

मी तिन्ही पावत्या फाइलला लावल्या, चाळीस डॉलर फी भरली आणि अर्ज पाठवला. कार्ड आलंय. मडचं बिल आता बायको फ्रिजवर चिकटवते.