टेन्शन चांगलं की वाईट, कसं ओळखायचं

सगळंच टेन्शन वाईट नसतं हे आधी डोक्यात घ्या. इंटरव्ह्यूच्या आधी पोटात गोळा येतो, छाती धडधडते, तळहाताला घाम सुटतो, ते अ‍ॅड्रेनलिन या हार्मोनचं काम, आणि तासाभरात इंटरव्ह्यू उरकला की माणूस वडापाव खायला मोकळा. हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञाने अशा उपयोगी ताणाला यूस्ट्रेस म्हटलं.

ओळखायचं कसं, तर स्वतःला एकच प्रश्न विचारा, हे संपणार कधी? तारीख सांगता आली तर बहुतेक ठीक. माझं मार्च एंडिंगचं टेन्शन 31 तारखेला संपायचं, पण एका वर्षी मे उजाडला तरी पहाटे तीनला डोळे टक्क उघडे, समोरच्या चहावर साय धरायची आणि पोरीने साधं काही विचारलं तरी मी खेकसायचो. हेच ते वाईटवालं. कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन महिनोन्‌महिने वर राहिलं की झोप, बीपी, पचन सगळ्याची वाट लागते.

मग करायचं काय? दोन आठवडे वहीत झोपेच्या वेळा, डोकेदुखी, अ‍ॅसिडिटी लिहून ठेवा, सुट्टीच्या दिवशीही तेच दिसलं तर वही घेऊन सरळ डॉक्टरकडे, थायरॉइडपण तपासून घ्या. रोज अर्धा तास भरभर चाला, संध्याकाळचा चहा बंद (हे मला सगळ्यात जड गेलं). छातीत दुखत असेल तर टेन्शन समजून अंगावर काढू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. बोलायला कोणी नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट, मराठीतही बोलता येतं.